अण्णांनी आणलेली लेडीज सायकल रंगवावी का?

पत्र (थोडं आटोपशीर करून) :

"मी मूळची सेलूची, लग्नानंतर नांदेडला असते. १९८४ साली थोरली बहीण आठवीत गेली तेव्हा अण्णांनी परभणीहून ॲटलसची लेडीज सायकल घेतली आणि स्वतः चालवत सेलूला आणली. धोतर-टोपीतला माणूस लेडीज सायकलवर बघून बाजारातले लोक हसले होते. अण्णा शेवटपर्यंत तो किस्सा सांगायचे. ताईनंतर सायकल माझ्याकडे आली, मग धाकट्या भावाकडे. चेनकव्हरवर अण्णांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं ताईचं नाव लिहिलंय, त्याखाली माझं. एकदा कॅरियर मोडलं तर जिनिंगमधल्या वेल्डरकडून त्यांनी ते जोडून आणलं होतं. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. यंदा दिवाळीला पडवी आवरताना कडब्यामागं सायकल सापडली. टायर विरलेत, रिमा गंजल्यात, पण हँडल फिरतं. भाऊ छत्रपती संभाजीनगरला कंपनीत आहे. फ्रेम वाळूजला सँडब्लास्ट करून, गुलाबी पावडर कोटिंग मारून, नव्या रिमा टाकून ती मुलीच्या बाराव्या वाढदिवसाला द्यायची, असं त्यानं ठरवलंय. साडेसहा हजारांचा अंदाज आलाय. येत्या रविवारी तो टेम्पो घेऊन सेलूला येतोय. आई म्हणते, आहे तशी राहू द्या, हात लावू नका. मला ती पुन्हा चालावी असं वाटतं, पण अण्णांचं अक्षर जाऊ नये. भावाला नाही म्हणणं जिवावर येतं. काय करू?"

ताई,

आधी भावाला फोन लावा आणि टेम्पो थांबवा. एवढंच काम घाईचं आहे, बाकी सगळं सावकाश होईल. सायकलीच्या बाबतीत बहुतेक चुका निस्तरता येतात. टायर चुकीचा आणला तर बदलून मिळतो, नट हरवला तर दुसरा सापडतो. सँडब्लास्टिंगला मात्र परतीचा रस्ता नाही. दाबानं मारलेली रेती भट्टीत भाजलेला मूळ रंग, त्यावरच्या सोनेरी रेघा, कंपनीची नावं आणि चित्रं असं सगळं सोलून काढते आणि खाली उघडं लोखंड उरतं. तिथला कामगार चेनकव्हर बाजूला काढून ठेवील या भरवशावर राहू नका. त्याच्यापुढं दिवसाला ढीगभर गेटं, रॅक आणि खुर्च्या येतात. त्यात हे एक पत्र्याचं कव्हर. त्यावर कुणाचं अक्षर आहे हे त्याला कोण सांगणार?

माझं मत विचारलंत तर सायकल चालती करा, नवी करू नका. रस्त्यावर पळायला जे लागतं ते बिनदिक्कत बदला आणि घरच्या माणसांच्या हातांनी जे झालंय त्याला धक्का लावू नका. पत्रावरून मला त्या सायकलीत तुमच्या घराच्या अशा तीन गोष्टी दिसतात. पहिली चेनकव्हरवरची नावं, दुसरी कॅरियरचा जोड, तिसरी म्हणजे चाळीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला तो रंग. कॅरियरचा जोड ओबडधोबड असणार, कारखान्याच्या फिनिशिंगमध्ये बसणारा नसणार. कुठलाही चांगला मिस्त्री आधी तोच घासून सपाट करायला निघेल. त्याला आधीच सांगा, ते तसंच राहू दे.

भावाला मात्र यात खलनायक करू नका. सायकल चालली पाहिजे, लेकराच्या हाती पडली पाहिजे हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. हॉटेलवाले जुन्या सायकली भिंतीवर टांगतात आणि खाली कुंड्या ठेवतात, ते बघून मला तरी पोटात कालवतं. गडी शहरात असतो, त्याच्या रोजच्या रस्त्यावर पावडर कोटिंगची शेड आहे, म्हणून त्याला तो उपाय सुचला. उपाय चुकला, इच्छा नाही. आणि साडेसहा हजारांत भाचीला साधी नवी सायकल तिच्या आवडीच्या रंगात येईल, हे त्यालाही ठाऊक असेल. गुलाबी रंग लेकरालाच हवा असेल तर तिला नवी घेऊन द्यावी.

आईचं म्हणणं जरा नीट ऐकून घ्या. "हात लावू नका" म्हणणाऱ्या बाईला कधी कधी फक्त "घेऊन जाऊ नका" म्हणायचं असतं. सायकल एकदा टेम्पोत चढली की ती संभाजीनगरच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये राहणार, हे त्यांना दिसत असेल. त्या या सायकलीवर कधी बसल्या होत्या का, अण्णांच्या मागं कॅरियरवर शेतात, दवाखान्यात, माहेरी? विचारून बघा. उत्तरातून तुम्हाला कळेल की सायकलीचा कोणता भाग त्यांचा आहे.

आणि एक गोष्ट मला पत्र दोनदा वाचल्यावर लक्षात आली. भाऊ काय म्हणतो ते आहे, आई काय म्हणते ते आहे, तुमचं आहे. ज्यांचं नाव चेनकव्हरवर सगळ्यात वर आहे, ज्यांच्यासाठी ती सायकल आली, त्या थोरल्या ताईंना अजून कुणी विचारलेलंच नाही. आधी त्यांना फोटो पाठवा. कुठलाही पाना हातात घेण्याआधी.

आता सायकलीकडं वळू.

ती दुरुस्त करण्याजोगी आहे का, हे घरीच तासाभरात कळतं. कडब्यामागं राहिली हे एका अर्थी बरंच झालं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं कोकणात चाळीस वर्षं पडलेल्या सायकलीची जी गत होते ती इथं होत नाही. आपल्याकडं गंज धरतो तो काळ्या मातीनं. पावसाळ्यात मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिखल असा ठासून बसायचा की काटकीनं उकरून काढल्याशिवाय चाक फिरायचं नाही, ते तुम्हाला आठवत असेल. त्यातली जी माती उकरायची राहिली ती वर्षानुवर्षं ओल धरून बसते. म्हणून सायकल आधी उलटी करा आणि मडगार्डच्या आतून, पायडलची ॲक्सल बसते त्या आडव्या नळीच्या खालून, आणि तिथून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळ्यांच्या पोटाखालून माती खरवडा. जिथं गंज फुगलेला दिसेल तिथं दाभणानं टोचून बघा. टोक आत शिरलं तर नळी खाल्ली गेलीय. नुसती लाल भुकटी पडली आणि खाली कडक लागलं तर काळजी नाही.

मग हँडलच्या खाली, जिथं तिरपी नळी पुढच्या नळीला मिळते, तिथला रंग बघा. रंगाला सुरकुती पडलेली दिसली, पोटाखाली फुगवटा हाताला लागला, तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे. पुढचा चिमटाही एका बाजूनं बघा, त्याचा बाक दोन्ही पायांना सारखा हवा. चिमट्याच्या वरच्या सांध्याला केसाएवढी जरी चीर दिसली तरी चिमटा बदला. तिथं भावना आणू नका, तो तुटला तर माणूस तोंडावर पडतो. फ्रेमला जोड द्यायचा झाला तर पितळी झाळ देणाऱ्याकडंच जा. या फ्रेमच्या नळ्या कारखान्यात पितळेनंच सांध्यात बसवलेल्या असतात, साध्या आर्क वेल्डिंगनं पातळ नळीला भोक पडतं.

टायर, ट्यूब, ब्रेकचे गुटके, चेन, पायडलचे रबर, हे सगळं नवीन घ्या आणि जुन्याचं दुःख करू नका. ही झिजायचीच माणसं. फक्त टायर आणायला जाताना जुन्या टायरच्या कडेवरचा आकडा अपूर्णांकासह लिहून न्या, "सव्वीस इंची द्या" एवढं सांगू नका. सव्वीस इंची म्हणून विकले जाणारे सगळे टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. जुन्या रोडस्टरचा, म्हणजे आपल्या साध्या काळ्या सायकलीचा, २६ × १ ३/८ हा टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर आताच्या जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलींचा २६ इंची टायर ५५९ मिलिमीटरच्या. मोठी गेंट्स रोडस्टर असेल तर २८ × १ १/२, म्हणजे ६३५. आकडा पुसला असेल तर चाकच काढून दुकानात न्या.

नवी ट्यूब टाकण्याआधी एक गंमत करून बघा. जुन्या व्हॉल्व्हच्या पिनीवर पातळ रबरी नळी चढवलेली असते, ती वाळून तडकते आणि ट्यूब चांगली असूनही हवा धरत नाही. ती नळी अगदी किरकोळ पैशात मिळते. बदला, हवा भरा, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बघा. कधी कधी मूळ ट्यूबच उभी राहते. बाभळीच्या काट्यांचे जुने पंक्चर मात्र उन्हाळ्याच्या उष्णतेत सुटलेले असतील, मग सोडून द्या.

रिमांबद्दल तुमचा भाऊ अर्धा बरोबर आहे. या सायकलींना सळीचे ब्रेक असतात, त्यांचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला, तारांच्या अंगानं वर ओढले जातात. त्यामुळं रिमचा तोच भाग महत्त्वाचा. बाहेरून गंजाचे ठिपके असतील तर ते दिसण्यापुरते. आतला भाग खवल्यांसारखा सोलून निघत असेल तर रिम बदलावीच लागेल. जुन्या देशी रोडस्टरना सहसा पुढं ३२ आणि मागं ४० तारा असतात, म्हणून रिम घेताना भोकं मोजून घ्या आणि मूळ हब (चाकाच्या मधला, तारा जिथून निघतात तो भाग) तेच ठेवा. ठिपके घालवायला पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळा, क्रोमला ओरखडा न पडता बराच गंज निघतो. कुणी संडास धुवायचं ॲसिड सुचवलं तर हात जोडा. त्यानं गंज जातो आणि उरलेला क्रोमही जातो.

सुट्या भागांची चिंता करू नका. ॲटलस ही सोनीपतची कंपनी, १९५१ ची. तिचा शेवटचा चालू कारखाना, साहिबाबादचा, ३ जून २०२० ला बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. पण आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरची रचना इतकी वर्षं जवळजवळ तशीच राहिली आहे आणि तिचे बहुतेक भाग लुधियानात बनून तालुक्याच्या दुकानापर्यंत येतात. परभणीत किंवा नांदेडला जुन्या सायकल दुकानाच्या मागच्या फळीवर काय काय पडलेलं असतं ते बघून तुम्ही चकित व्हाल. ॲटलसचं नाव असलेलं जुनं चेनव्हील तुमचं असेल आणि दात झिजलेले नसतील, तर ते मात्र बदलू देऊ नका.

खोलण्याचं काम मिस्त्रीकडून करून घ्या, पण उभं राहून. मिस्त्री शोधताना चकाचक शोरूम टाळा. पन्नाशी-साठी ओलांडलेला, हातपंपाच्या बाजूला पाण्याचं घमेलं ठेवून बसलेला माणूस गाठा. त्यानं अशा शेकडो सायकली ऑयलिंग केलेल्या असतात, त्याला सळीच्या ब्रेकचा एकेक जोड पाठ असतो. त्याच्याजवळ बसून चहा घ्या, सायकल कुणाची ते सांगा. मग बघा, तो स्वतःहून जपून हात लावतो.

खोलताना खरी परीक्षा कॉटर पिनची. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ॲक्सलला धरून ठेवणारी ती तिरपी पिन चाळीस वर्षांत गंजून एकजीव झालेली असते. घाईत हातोडा हाणला तर पिन वाकते आणि तिचे आटे खराब होतात. शिवाय क्रँकच्या खाली आधार नसेल तर तो सगळा दणका आतल्या छर्ऱ्यांवर जातो आणि त्यांच्या वाटीत खड्डे पडतात, मग पायडल मारताना आयुष्यभर खडखड. म्हणून दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ पिनीवर डिझेल सोडायचं (रॉकेल आता सहजी मिळत नाही). मग नट पूर्ण न काढता पिनीच्या टोकाबरोबर आणायचा, क्रँकखाली जाड लोखंडी नळीचा तुकडा जमिनीवर टेकवून उभा करायचा, आणि एकच नेमका, भरीव दणका. दहा बारीक ठोक्यांपेक्षा एक सरळ दणका बरा. नवीन पिना बसवताना दोन्हींची तोंडं एकमेकांविरुद्ध हवीत, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. तुम्ही चालवाल तेव्हा पाय लंगडतोय असं वाटेल आणि कारण सापडणार नाही.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला की सुटतो. उजव्या बाजूची, ॲक्सलच्या नळीत बसलेली वाटीही उलट्या आट्यांची. मिस्त्रीला माहीत असतं, पण सुट्टीत आलेला एखादा हौशी मामेभाऊ जोर लावून आटे मारतो, म्हणून लिहिलं. जुने नट टाकू नका. त्यांचे आटे इंची मापाचे, आताच्या मिलिमीटरच्या नटांशी जुळत नाहीत. मिठाईच्या रिकाम्या डब्यांवर "पुढचं चाक", "मागचं चाक", "ब्रेक" असं लिहून त्यात ठेवत जा आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. सळीच्या ब्रेकचे जोड परत बसवताना हेच फोटो वाचवतात.

हबमध्ये आणि ॲक्सलच्या नळीत छर्रे निघतील. पुढच्या हबला ३/१६ इंच, मागच्या हबला आणि ॲक्सलला १/४ इंच असे साधारण असतात. सगळे बदला, ते स्वस्त आहेत. आतमध्ये पिवळट-तपकिरी, डिंकासारखा थर दिसला तर तो बहुधा करडईच्या तेलाचा. आपल्या घरोघरी डब्यात करडई, सायकल करकरली की तेच दोन थेंब. करडई आणि जवस ही दोन्ही तेलं हवेत हळूहळू वाळून घट्ट होतात, म्हणून तर चित्रकार ती रंगात वापरतात. हबमध्ये त्यांचा राळेसारखा थर होतो. डिझेलनं धुवून काढा आणि ग्रीस भरा. चेनला मशीनचं तेल. स्वयंपाकघरातलं पुन्हा नाही.

पण तेच जवस बाहेरच्या रंगाला वरदान आहे. आधी फ्रेम कोमट पाणी आणि थोड्या साबणानं मऊ फडक्यानं पुसून घ्या, चेनकव्हर सोडून. वाळल्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल सुती फडक्यावर अगदी थोडं घेऊन फ्रेमवर पुसा, पाऊण तासानं कोरड्या फडक्यानं जास्तीचं टिपून घ्या. घाण्यावरचं कच्चं जवस नको, ते आठवडाभर चिकट राहतं. मातकट पडलेला काळा रंग पुन्हा खोल दिसू लागतो, सोनेरी रेघा उरल्या असतील तर वर येतात, आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर पातळ पापुद्रा धरून गंज थांबतो. इथं एक गोष्ट मनावर घ्या. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. त्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. तुमच्या पडवीत कडबा आहे. फडकी पाण्यात भिजवा किंवा उन्हात एकेक पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

रंग घासण्याचा मोह झाला तर तोही आवरा. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडं मर्यादेचा नियम लागू झाला तो २०१७ मध्ये. सँडपेपरनं कोरडं घासलं की ती धूळ श्वासात जाते, आणि भाचीला मदतीला घेतलं असेल तर तिच्या श्वासात ती मुळीच जाता कामा नये.

आता चेनकव्हर. ते सगळ्यात आधी काढा आणि घरात, कपाटावर ठेवा. मिस्त्रीकडं जाऊच देऊ नका, त्याच्याविनाही सायकल चालते, त्याचे स्क्रू आणि पट्ट्या तेवढ्या डब्यात टाका. उजेड तिरपा पडेल अशा ठिकाणी ठेवून नावांचे फोटो घ्या. मग त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलनं दोन्ही नावं अक्षरन्‌अक्षर उतरवून घ्या. अण्णांचा हात कुठं थांबला, ब्रश कुठं पसरला, रेघ कुठं जाड झाली, ते सगळं त्या कागदावर येऊ द्या. तो कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. पुढं कधी पत्रा सडलाच तर तुमच्याकडं अक्षर तरी राहील.

नावांवरची धूळ कापसाच्या बोळ्यानं, जेमतेम ओल्या, टिपल्यासारखी काढा. चोळायचं नाही. साबण, पेट्रोल, थिनर काहीही नको. घरच्या ऑइलपेंटवर थिनर लागला की रंग सुरकुततो आणि बोळ्याबरोबर अक्षर निघून येतं. रंगाची पापुद्री कडेनं उचललेली असेल तर तिथं हातच लावू नका. वर क्लिअर लॅकर मारायचा सल्ला बरेच जण देतील. मी सहसा नको म्हणतो, कारण बऱ्याच लॅकरमध्येही थिनरच असतो. त्यापेक्षा चेनकव्हर जसं आहे तसं बसवा, आणि पावसात सायकल बाहेर काढू नका. आणि कृपा करून पेंटरकडून त्याच नावांवर पुन्हा ब्रश फिरवून घेऊ नका. कितीही सफाईदार काढली तरी मग ती पेंटरची अक्षरं.

पुढच्या नळीवरचं कंपनीचं चिन्ह पितळेचं असेल तर पितांबरीनं किंवा चिंचेच्या कोळानं ते लखलखीत होईल. कोळ आजूबाजूच्या रंगावर ओघळू देऊ नका, लगेच पुसा. नगरपालिकेचा जुना बिल्ला कुठं अडकवलेला सापडला तर तोही जागच्या जागी राहू द्या. सीट रेक्झिनची असेल आणि फाटली असेल तर नवं कव्हर शिवून घ्या, पण खालच्या स्प्रिंगा त्याच ठेवा. त्यांचा करकर आवाज तुम्हा तिघांनाही ओळखू येईल. पुण्याला कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, भाऊ कधी तिकडं गेला तर बघून येऊ दे. जुनी सायकल नवी न करताही देखणी दिसते हे त्याला माझ्या पत्रापेक्षा तिथं लवकर पटेल.

भाचीचं राहिलं. बारा वर्षांची मुलगी, २६ इंची लेडीज सायकल. सीट पूर्ण खाली केल्यावर तिच्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का बघा, टेकले तर उंचीचा प्रश्न नाही. पण ही सायकल संभाजीनगरच्या जालना रोडवर न्यायची नाही, हे भावाला स्पष्ट सांगा. सळीचे ब्रेक आणि लोखंडी रिम ओल्या रस्त्यावर फार उशिरा थांबवतात. १९८४ च्या सेलूत ते चालून जायचं, आज डंपर आणि रिक्षांच्या मध्ये नाही. शाळेसाठी तिला नवी, चांगल्या ब्रेकची घ्या. ही सेलूलाच राहू द्या, आईच्या डोळ्यापुढं. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची येईल तेव्हा ती तिची.

असं केलं की भावाची वाढदिवसाची भेटही बुडत नाही. वाढदिवसाला त्यानं तिला सेलूला आणावं आणि तिच्या हातात रंगाचा डबा नाही, तर पान्यांची पिशवी द्यावी. टायर चढवणं, ब्रेक लावणं, चाकाचा आउट (वाकडं फिरणं) काढताना तार किती पिळायची ते मिस्त्रीजवळ बसून बघणं, हे सगळं ती करू शकते. चेनकव्हरवर तिसरं नाव लिहायचं का, असा प्रश्न तिथं निघणारच. माझं मत विचाराल तर लिहू नये, भावानं तर स्वतःचं नावही कधी लिहून घेतलं नाही. पण हे मी ठरवायचं नाही, थोरल्या ताईंनी ठरवावं. जागा त्यांच्या नावाखालची आहे.

खर्चाचं म्हणाल तर टायर-ट्यूब, चेन, छर्रे, पिना आणि मिस्त्रीची मजुरी धरून तुमच्या साडेसहा हजारांच्या खूप अलीकडं काम होतं, रिमा बदलाव्या लागल्या तरी. तो खर्च तिघांनी वाटून घ्या, समसमान. एकानं सगळा केला की सायकल नकळत त्याची होऊन बसते, आणि पुढच्या दिवाळीत मला दुसरं पत्र येईल.